नर्सची नोकरी ते मंत्रिपद: विदर्भातल्या सिस्टर नेहमी विचारतात ते प्रश्न

उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविका, ग्रामीण रुग्णालयातल्या अधिपरिचारिका, कंत्राटी सिस्टर आणि खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या मुली, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. निवडणुकीचे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात तहसील कार्यालयातून ताज्या सूचनांची प्रत घ्याच.

नर्स मंत्री होऊ शकते का? त्यासाठी डॉक्टर किंवा वकील असावं लागतं का?

होऊ शकते. राज्यात मंत्री व्हायला शिक्षणाची कसलीही अट नाही. विधानसभेसाठी वय २५ पूर्ण हवं, विधान परिषदेसाठी ३०, आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. एएनएम (दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स) झालेली बाई आणि एमडी झालेला डॉक्टर या बाबतीत अगदी एका ओळीत उभे असतात. सिस्टर मागे राहतात त्या पात्रतेत नव्हे, तयारीत. नोकरी कधी आणि कशी सोडायची, कागद कोणते लागतात, कोणतं काम कुठल्या खात्याकडे असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आजवर असं कोणी झालं आहे का?

बोट्सवानात नर्सिंगच्या प्राध्यापक शीला त्लोऊ २००४ ते २००८ या काळात आरोग्यमंत्री होत्या. त्या देशाला तेव्हा एचआयव्हीने ग्रासलं होतं. आइसलँडमध्ये इंगिब्योर्ग पाल्माडोट्टिर या परिचारिका १९९५ ते २००१ आरोग्यमंत्री होत्या. ब्रिटनमध्ये अ‍ॅन कीन १९९७ मध्ये खासदार झाल्या आणि २००७ ते २०१० आरोग्य खात्यात कनिष्ठ मंत्री राहिल्या. आपल्याकडे किशोरी पेडणेकर यांनी न्हावाशेवा बंदराच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलं होतं. त्या २०१९ मध्ये मुंबईच्या महापौर झाल्या आणि एप्रिल २०२० मध्ये नर्सचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या.

विदर्भाशी नातं असलेलं मोठं नाव डॉ. सुशीला नायर यांचं. त्या १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या आणि १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. त्या डॉक्टर होत्या, नर्स नव्हत्या, तरी रुग्णाच्या खाटेपाशी काम केलेली बाई खातं कसं चालवते ते समजून घ्यायला त्यांचं काम जरूर अभ्यासावं.

सरकारी नोकरीत राहून पक्षाचं थोडंफार काम केलं तर चालतं का?

नाही. राज्य शासनाच्या सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ५ लागू होतो. पक्षाचं सदस्यत्व, प्रचार, पक्षाला वर्गणी, सगळं बंद. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर जिल्हा परिषदेच्या कर्मचारी असतात. त्यांना जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू होतात आणि बंधन तेच. मत द्यायला अर्थातच मोकळीक आहे.

तक्रारी बहुतेक मोबाइलवरूनच सुरू होतात. उमेदवाराच्या वाढदिवसाचा स्टेटस, प्रचाराच्या ग्रुपमध्ये ॲडमिन म्हणून नाव, रॅलीतला फोटो. आचारसंहितेच्या काळात कोणीही त्याचा स्क्रीनशॉट काढून तहसीलदारांना पाठवतो आणि निलंबन तिथून सुरू होतं. चौकशी लागली की पुढे राजीनामाही अडकतो, त्यामुळे ज्यांना खरंच राजकारणात जायचं आहे त्यांनी तर नोकरीत असताना जास्तच सांभाळावं.

नवरा निवडणुकीला उभा आहे. मी बूथवर बसू का?

बसू नका. विधानसभा आणि लोकसभेला सरकारी कर्मचाऱ्याने मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ खाली गुन्हा आहे. घरातला माणूस उभा असला म्हणून तुम्हाला राजीनामा द्यावा लागत नाही, पण त्याच्यासाठी मत मागायचं नाही.

राजीनामा द्यावा की स्वेच्छानिवृत्ती घ्यावी?

सगळ्यांत मोठं नुकसान याच टप्प्यावर होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधल्या नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी ती धरलीच जात नाही. अठरा वर्षं लसीकरणाची पेटी वाहिलेल्या बाईने घाईत राजीनामा दिला तर पेन्शनच्या हिशेबात ती शून्यावर येते. अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) २० वर्षं भरली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन सुरू राहतं. निवृत्तिवेतन घेणारी बाई निवडणूक लढवू शकते, त्यात कसलीही अडचण नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांचा हिशेब राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेखाली वेगळा होतो. त्यांनी सोडण्याआधी खात्यात नेमकी किती रक्कम जमा आहे आणि मुदतीआधी बाहेर पडल्यास त्यातली किती हातात येते, हे लेखा शाखेतून लिहून घ्यावं.

दुसरी गोष्ट तारखेची. अर्जाच्या छाननीच्या दिवशी तुमच्याकडे लाभाचं पद (सरकारी पगाराची नोकरी हे त्यातलंच) असता कामा नये. राजीनाम्याचा कागद आवक शाखेत दिला म्हणजे नोकरी सुटली असं होत नाही. सक्षम अधिकारी तो मंजूर करतो आणि कार्यमुक्तीचा आदेश निघतो, तेव्हा ती सुटते. जिल्हा परिषदेत कागद वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जातो. जिल्हा रुग्णालयात असाल तर जिल्हा शल्य चिकित्सक आणि पुढे नागपूर किंवा अकोल्याचं उपसंचालक कार्यालय. प्रत्येक टेबलावर दोन-चार दिवस धरले तरी निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून हे बसत नाही. निदान सहा महिने आधी हालचाल करा.

फाईल अडते ती 'ना देय' (काही देणं बाकी नाही अशा) दाखल्यावर. उपकेंद्राचा साठा तुमच्या नावावर असतो: औषधांची साठा नोंदवही, वजनकाटे, बीपीचं यंत्र, प्रसूतीचं टेबल, व्हॅक्सिन कॅरिअर आणि त्यातले आइसपॅकसुद्धा. मोडका वजनकाटा निर्लेखित (साठ्यातून रीतसर कमी) न करता कोपऱ्यात ठेवलेला असतो आणि पदभार देताना तोच नेमका कमी भरतो. म्हणून आधी साठा जुळवा, मोडक्या वस्तूंचा निर्लेखन प्रस्ताव द्या, निवासस्थानाचं वीजबिल भरा, पतसंस्थेचं कर्ज मिटवा किंवा तसं पत्र घ्या. मग अर्ज करा. माता-बालकांच्या नोंदवह्या दुसऱ्या सिस्टरकडे सोपवताना यादी करून दोघींच्या सह्या घ्या.

बडतर्फ झालेल्यांसाठी एक वेगळी अट आहे. गेल्या पाच वर्षांत सरकारी सेवेतून बडतर्फ झाला असाल, तर भ्रष्टाचार किंवा द्रोहाच्या कारणावरून काढलं नव्हतं असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत लागतं. ते नसेल तर अर्ज बाद होतो.

मी कंत्राटी आहे. मला राजीनामा लागतो का?

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी सिस्टरनी वाद ओढवून घेऊ नये. अर्ज भरण्यापूर्वी करार संपवून कार्यमुक्तीचा कागद हातात घ्यावा. विरोधी उमेदवाराचा वकील छाननीत पहिला आक्षेप इथेच घेतो. खासगी दवाखान्यात नोकरी असेल तर कायद्याची आडकाठी नाही, फक्त मालकाशी रजेचं आधी बोलून घ्या.

सुरुवात कुठून करावी? थेट आमदारकी लढवावी का?

आमचं मत विचाराल तर जिल्हा परिषदेपासून करावी. गावाची लोकसंख्या लहान असेल आणि तुम्ही त्याच गावच्या असाल तर आधी ग्रामपंचायत.

कारण साधं आहे. मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,००० असं प्रमाण आहे. चांगली आरोग्य सेविका आपल्या उपकेंद्रातलं जवळजवळ प्रत्येक घर ओळखते. जिल्हा परिषदेच्या गटात अशी काही उपकेंद्रं येतात, म्हणजे तुमची ओळख त्या आकाराला पुरते. विधानसभेचा मतदारसंघ त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि तिथे पक्षाची यंत्रणा नसेल तर निव्वळ ओळखीवर निभत नाही. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदच चालवते. आरोग्य समितीत बसलात की ज्या कारभाराखाली नोकरी केली तो वरून कसा दिसतो ते कळतं. स्थानिक संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत, तोही फायदा आहे. विधानसभेतल्या एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडलेला आहे. त्याची वाट पाहत थांबू नका.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेला अर्ज कशामुळे बाद होतात?

वयाची अट २१ आहे, ती बहुतेकींची सहज पूर्ण होते. अडचण दुसरीकडे येते.

पहिली मतदार यादी. सिस्टरचं नाव माहेरच्या गावात, राहणं मुख्यालयी, सासर तिसरीकडे. ग्रामपंचायतीला त्याच ग्रामपंचायतीच्या यादीत नाव लागतं. पत्ता बदलायला नमुना ८ भरा आणि यादीची तारीख जाहीर व्हायच्या आधी भरा. दोन ठिकाणी नाव ठेवू नका.

दुसरी अपत्यांची. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर जात असेल तर स्थानिक संस्थेसाठी अपात्रता येते. पहिल्या मुलानंतर जुळी झाली तर ती एकच धरली जातात. ही अट आमदारकी-खासदारकीला नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

तिसरी घरातली. ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली, शौचालय नाही किंवा वापरात नाही, सासऱ्याने कधीकाळी गावठाणाच्या जागेवर घातलेली भिंत. सरकारी जागेवरचं कुटुंबाचं अतिक्रमण निवडून आल्यानंतरही सदस्यत्व घालवतं, म्हणून मोजणी आधी करून घ्या. थेट सरपंचपदासाठी आणखी एक अट: १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर निदान सातवी पास हवी. पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींत सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं. धारणी, चिखलदरा आणि गडचिरोलीचा बराच भाग त्यात येतो.

राखीव जागेवर उभं राहायचं आहे. जात वैधतेसाठी काय जमवावं?

जात वडिलांकडून धरली जाते, नवऱ्याकडून नाही. त्यामुळे कागद माहेरचे लागतात. नोकरीच्या वेळी वैधता काढली असेल तर तेच प्रमाणपत्र चालतं. मूळ प्रत शोधून ठेवा, कारण ती सेवापुस्तकात अडकलेली असते आणि सेवापुस्तक फिरत असतं.

नव्याने काढायचं असेल तर मानीव दिनांकापूर्वीचा (त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेआधीचा) पुरावा हवा: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. आपल्याकडे कोतवाल बुकातली आजोबा-पणजोबांची जन्म-मृत्यूची नोंद आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हे सगळ्यांत कामाचे कागद. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि जुन्या प्राथमिक शाळेत सापडतात. पानं जीर्ण असतात, म्हणून प्रमाणित नक्कल काढताना समोर बसून नाव आणि जात नीट वाचून घ्या. आजोबांचं नाव एका कागदावर 'सोमा' आणि दुसऱ्यावर 'सोमाजी' असेल तर वंशावळीचं शपथपत्र जोडा. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं.

वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत सादर झालं नाही तर निवडून आलेली जागा जाते. समितीकडे अर्ज पडून आहे हे कारण पुढे करून निभावून नेता येईल, असं धरून चालू नका.

सरपंच झाल्यावर कारभार घरचे पुरुषच चालवतात. ते कसं टाळायचं?

एका छोट्या वस्तूवर बरंच अवलंबून असतं, ती म्हणजे डिजिटल सहीचा डोंगल. वित्त आयोगाच्या निधीतून ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पैसे जायला ग्रामसेवकाची आणि सरपंचाची अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. हा डोंगल आणि त्याचा पिन ज्याच्या खिशात, ग्रामपंचायत त्याची. तो ग्रामसेवकाकडे 'सोयीसाठी' ठेवू नका, नवऱ्याकडे नको, डाटा ऑपरेटरकडे तर नाहीच. प्रत्येक देयकाआधी मोजमाप पुस्तिका आणि बिल पाहा, मग डोंगल लावा. ओटीपी येणारा मोबाइल नंबरही स्वतःचाच द्या.

लेबर रूममध्ये केसपेपर दुसऱ्याला लिहू देऊन सही करायची नाही हे सिस्टरला शिकवावं लागत नाही. मासिक सभेच्या कार्यवृत्तालाही हीच शिस्त लावा, कोरी पानं सोडून सही करू नका.

विधानसभेचा अर्ज भरताना नेमकं काय लागतं?

नमुना २-ब मधला अर्ज, नमुना २६ मधलं शपथपत्र, अनामत रक्कम, फोटो, आणि पक्षाचे उमेदवार असाल तर ए आणि बी फॉर्म (पक्षाने उमेदवारी दिल्याचे कागद). अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात. दोन तरी भरा, एकात चूक निघाली तर दुसरा उभा राहतो. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, आणि ए-बी फॉर्म शेवटच्या दिवशी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडावे लागतात. ते नागपूरहून कोणी गाडीने आणतो आहे, अशा भरवशावर राहू नये.

शपथपत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नका. नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. नवऱ्याची शेती, सोनं, पतसंस्थेचं कर्ज, विम्याची पॉलिसी, सगळं त्यात येतं. सिस्टरच्या शपथपत्रात राहून जातं ते शासकीय निवासस्थान. गेल्या दहा वर्षांत कधी राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो. तो आरोग्य केंद्रातून आणि वीज कार्यालयातून आधीच काढून ठेवा.

अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी शपथ घ्यायची असते. गर्दीत ती घ्यायची राहून गेली तर बाकी सगळे कागद बरोबर असूनही अर्ज बाद होतो. शपथ घेतल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडा. आपल्याकडे खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा. हरलेले उमेदवार हिशेब द्यायला विसरतात आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरतात. चहापाणी, मंडप, गाडीचं डिझेल, रोजच्या रोज लिहा. ओपीडीचं रजिस्टर रोज बंद करणाऱ्या बाईला हे जड जाऊ नये.

विदर्भात विधानसभेच्या ६२ जागा आहेत. त्यांतल्या अनुसूचित जमातीसाठी राखीव जागा मेळघाट, आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, आर्णी आणि राळेगाव.

प्रचारात माझ्या जुन्या रुग्णांना फोन करू का? नंबर आहेतच.

जे नंबर गरोदर मातांच्या नोंदवहीतून किंवा पोर्टलवरून आले आहेत ते वापरू नका. ते तुम्हाला दवाखान्याच्या कामासाठी दिलेले होते. कोणाच्या घरी गर्भपात झाला, कोणाला सिकलसेल आहे, कोणाचा एचआयव्हीचा अहवाल आला, हे तुम्हाला माहीत आहे हे गावालाही माहीत असतं. ती माहिती प्रचारात डोकावली अशी नुसती शंका आली तरी बायका तुमच्यापासून दूर होतात, आणि पुढच्या सिस्टरलाही खरं सांगायचं टाळतात. हे नुकसान एका निवडणुकीपेक्षा मोठं आहे. लसीकरण सत्रात, प्रसूतिगृहात, आशांच्या मासिक बैठकीत मत मागायला जाऊ नका.

घरोघर जा. आपल्याकडे निवडणूक बहुतेक कापूस वेचणीच्या नाहीतर धान कापणीच्या दिवसांत येते. बायका सकाळी आठला शेतात जातात आणि दिवेलागणीला परततात. दुपारची गावसभा ठेवली की समोर म्हातारी माणसं आणि पोरंच बसलेली असतात. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बायकांची.

आमदार झाले. मंत्री कसं होतात?

मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल नेमतात. मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून मोठं करता येत नाही. आपल्या २८८ जागांना मुख्यमंत्री धरून ४३ हा आकडा येतो. त्यात पक्ष, विभाग, जात, ज्येष्ठता असे सगळे हिशेब बसवायचे असतात. आमदार नसतानाही मंत्री होता येतं, पण सहा महिन्यांत दोहोंपैकी एका सभागृहात निवडून यावं लागतं, नाहीतर पद जातं.

पहिल्यांदा आलेल्या आमदाराला खातं मिळणं दुर्मीळ. तोवर सभागृहात नाव करायचं ते तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) आणि लक्षवेधी सूचनांमधून (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या). प्रश्न मोघम नसावा. 'ग्रामीण रुग्णालयांची स्थिती काय' असं विचारलं तर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येतं. 'अमुक रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, त्या काळात किती माता पुढे पाठवल्या' असं विचारलं की खात्याला आकडा काढावा लागतो. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, त्या दिवसांत आपल्या भागातल्या सिस्टर, आशा प्रत्यक्ष येऊन भेटू शकतात. याचा उपयोग करून घ्या.

आरोग्यमंत्री झाले की सिस्टरच्या बदल्या आणि रिक्त पदं सुटतील ना?

एकट्या त्या मंत्र्याच्या हातात ते नाही, आणि हे आधी कळलं नाही तर पहिलं वर्ष फुकट जातं. उपकेंद्रातली सिस्टर जिल्हा परिषदेची, म्हणून तिच्या बदलीचं धोरण ग्रामविकास विभागाकडे. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयातली सार्वजनिक आरोग्य विभागाची. वैद्यकीय महाविद्यालयातली वैद्यकीय शिक्षण विभागाची. अंगणवाडीचा आहार महिला व बालविकास विभागाकडे, आणि आदिवासी उपयोजनेचा पैसा आदिवासी विकासाकडे. मेळघाटातलं एक कुपोषित मूल यातल्या चार खात्यांच्या नोंदवह्यांत असतं.

जिल्ह्यापुरता सगळ्यांत लवकर हलणारा पैसा जिल्हा नियोजन समितीचा असतो आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. आपल्या जिल्ह्याचं पालकमंत्रिपद मिळालं तर नर्स असलेल्या मंत्र्याने त्याला कमी लेखू नये.

एखादं काम मंत्रालयात नेमकं कसं पुढे सरकतं?

ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र हे उदाहरण घेऊ, कारण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात बाई दोन तासांतही दगावू शकते आणि जिल्ह्याचं ठिकाण अनेक तालुक्यांतून त्याहून लांब पडतं.

नुसता 'केंद्र सुरू करा' असा शेरा मारून काही होत नाही. आधी फ्रिज लागतो, तो २ ते ६ अंशांत रक्त ठेवणारा खास फ्रिज. लसीचा २ ते ८ अंशांचा फ्रिज इथे चालत नाही. त्याला २४ तास वीज, म्हणजे जनरेटर आणि त्याच्या डिझेलची तरतूद. प्रशिक्षित प्रयोगशाळा तंत्रज्ञ रात्रपाळीलाही हवा, आणि तो आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नसेल तर पदनिर्मितीचा प्रस्ताव. त्याला वित्त विभागाची सहमती लागते आणि फाईल सर्वांत जास्त काळ तिथेच थांबते. मग जिल्ह्याच्या मातृ-रक्तपेढीशी करार आणि अन्न व औषध प्रशासनाची मान्यता. एवढं सगळं झालं तरी भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ नसतील तर पिशव्या मुदत संपून परत जातात.

मंत्र्याने यात करायचं ते असं: कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंतच्या टिपणीतला प्रत्येक आक्षेप स्वतः वाचायचा. वित्त विभागाला परत जाणारं उत्तर एका पानात, आकड्यांसह मागायचं. त्या वर्षीची तरतूद संपली असेल तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागणीत (अर्थसंकल्पानंतरच्या जादा निधीच्या मागणीत) ती बसवायची. शासन निर्णय निघाला की कामाची सुरुवात झाली असं समजायचं. पहिली पिशवी पहिल्या बाईला चढली का, याचा अहवाल तारीख टाकून मागवा.

नर्सचा अनुभव तिथे खरंच उपयोगी पडतो का?

फार पडतो. अधिकारी सादरीकरणात 'संस्थात्मक प्रसूती वाढल्या' असं सांगतात, तेव्हा नर्स विचारते की प्रसूतीनंतर बाई ४८ तास थांबली का, की संध्याकाळीच घरी गेली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च'मध्ये गावातल्या बाईकडून नवजात बाळाची घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि २०११ पासून ती देशभर आशांच्या गृहभेटींमध्ये आली. दवाखान्यात प्रसूती झाली तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. खरी भेट आणि कागदावरची भेट यांतला फरक नर्सला फॉर्म पाहूनच ओळखता येतो: सगळ्या भेटींत बाळाचं वजन एकसारखं वाढलेलं, तापमान प्रत्येक वेळी तेच.

अडचणही सांगायला हवी. डॉक्टरांपुढे उभं राहून ऐकायची सवय नोकरीने लावलेली असते. मंत्रालयातल्या बैठकीत संचालकांना 'सर' म्हणून बोलणं थांबवलं तर बिघडत नाही, पण त्यांनी दिलेल्या आकड्यावर पुढचा प्रश्न विचारायचं थांबवू नका. दुसरं, रुग्ण समोर आला की स्वतः धावायचं ही वृत्ती. मंत्र्याच्या फोनमुळे एका रुग्णाला खाट मिळते, आणि तेवढ्यातच दिवस संपतो. असे फोन रोज येतच राहतील. ते विशेष कार्य अधिकाऱ्याकडे द्या आणि महिन्याच्या शेवटी त्यांची तालुकावार यादी पाहा. कुठलं रुग्णालय बंद पडल्यासारखं आहे ते त्यातून दिसेल.

मुलगी बारावीला आहे. तिला पुढे राजकारणात जायचं आहे, पण आधी नर्सिंग करायचं म्हणते. कोणता कोर्स?

एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. बी.एस्सी.ला विज्ञान शाखा आणि सीईटी लागते. गावपातळीवर काम करायचं असेल तर एएनएम हलका कोर्स समजू नका, समाजाशी सगळ्यांत जवळचं काम तिथलंच आहे. प्रवेशाआधी महाविद्यालयाला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे का ते पाहा. एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. 'आमचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे' असं सांगणाऱ्या संस्थेत पैसे भरू नका, तिथून शिकलेल्या मुलीची परिषदेत नोंदणीच होत नाही.

निवडणूक हरले तर पुन्हा नर्स होता येईल का?

परिषदेची नोंदणी चालू असेल तर खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात लगेच. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास भरावे लागतात. राजकारणात असतानाही ते भरत राहा. आमदार असलात तरी एखाद्या शनिवारी कार्यशाळेला बसता येतं. सरकारी नोकरी मात्र आपोआप परत मिळत नाही. नव्याने भरती द्यावी लागते आणि वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे. मर्यादेच्या जवळ आला असाल तर राजीनाम्यावर सही करण्याआधी पुढच्या पाच वर्षांच्या घरखर्चाचा आकडा कागदावर मांडा आणि घरातल्यांसमोर ठेवा.